माशांच्या खाद्यात प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक: पाकिटापासून माशाच्या पोटापर्यंत कुठे काय चुकतं

"दादा, प्रोबायोटिक दिलं पण काहीच फरक पडला नाय." पावसाळा तोंडावर आला की हा फोन ठरलेला. मग विचारत गेलं की कळतं, एकाने चहाच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात पावडर विरघळवली, दुसऱ्याने बादलीत कालवून सरळ तळ्यात ओतली, तिसऱ्याने पंधरा दिवसांचं खाद्य एकदम कालवून पोती शिवून ठेवली. पाकीट चांगलं असेलही, पण आतला जीव माशाच्या तोंडापर्यंत पोचलाच नाही तर फरक कुठून पडणार. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढतोय. शेततळ्यातला पंगस, चिलापी आणि रोहू-कटला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पिंजऱ्यात पाळणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू होईल.

दोन शब्द आधी नीट घ्या. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट, माशाच्या आतड्यात जाऊन वाईट जिवाणूंची जागा अडवणारे आणि पचनाला मदत करणारे. प्रीबायोटिक जिवंत नसतं, ते मासा पचवू शकत नाही असं तंतुमय अन्न, जे आतड्यातले चांगले जिवाणू खातात. एमओएस (मॅनन ऑलिगोसॅकराइड), एफओएस (फ्रुक्टो ऑलिगोसॅकराइड), इन्युलिन ही त्यातली नावं. गूळ म्हणजे प्रीबायोटिक नाही हो. साखर माशाच्या आतड्यात आधीच शोषली जाते, पुढच्या जिवाणूंसाठी काही उरत नाही, तरी निम्मे लोक खाद्यात गूळ घालून प्रीबायोटिक दिलं म्हणून समाधानी असतात.

## १. पाकीट घ्यायच्या आधी तळं आणि मासे बघा

सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. मासे मरायला लागले की लोक प्रोबायोटिक आणतात, आणि ते औषध नाहीच. अंगाला उवा लागल्या असतील, कल्ले सडले असतील, अंगावर लाल जखमा असतील तर खाद्यातल्या जिवाणूंनी काही होणार नाही, आधी रोग ओळखून त्याचा इलाज. त्यात आजारी मासा खातच नाही, मग खाद्यातून दिलेलं त्याच्यापर्यंत जाणार कसं?

सुरू करायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत एवढं करा:

- पहाटे सूर्य उगवायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन मोजा. दुपारी मोजून काही कळत नाही, दुपारी शेवाळामुळे सगळ्यांचाच चांगला येतो. पहाटे लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र), बाकी सगळं नंतर. ५ च्या वर असेल तर उत्तम.
- सामू (पीएच) ७ ते ८.५ मध्ये हवा. अमोनियाचं किट वापरा, आणि लक्षात ठेवा, सामू जितका जास्त तितका तोच अमोनिया जास्त विषारी.
- फेकजाळं टाकून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून ४०-५० मासे काढा, वजन करा, सरासरी काढा. अंदाजपंचे नको. सगळा डोस याच आकड्यावर उभा आहे.
- दोन मासे कापून आतडं बघा. आत घट्ट खाद्य दिसतंय की पिवळं पाणी? पिवळं पाणी असेल तर मासा खात नाहीये किंवा आतड्याला सूज आहे.

तपासा: टाकलेलं फ्लोटिंग खाद्य १५-२० मिनिटांत संपतंय का? संपत नसेल तर अजून प्रोबायोटिक सुरू करू नका.

## २. लेबल वाचा, पुढचं नाही, मागचं

पुढच्या बाजूला उड्या मारणारा मासा असतो, तो सोडा. मागे तीन गोष्टी शोधा.

पहिली, जिवाणूचं नाव. बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, बॅसिलस कोअॅग्युलन्स ही नावं दिसली तर हे बीजाणू करणारे जिवाणू, म्हणजे कवचात झोपलेले. उन्हाळ्यातलं गोदाम, थोडी उष्णता, पोटातलं आम्ल हे सगळं ते सहन करतात. लॅक्टोबॅसिलस नाजूक, त्याला थंड जागा लागते आणि दुकानात पत्र्याखाली दोन महिने पडलेलं असेल तर त्यात काय शिल्लक असेल देव जाणे. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या हवेत बॅसिलस घ्या. सॅकरोमायसिस हे यीस्ट, तेही चालतं.

पोटाचा विषय निघालाच आहे तर, रोहू-कटला-मृगळ यांना जठरच नसतं, अन्न सरळ आतड्यात जातं. चिलापीच्या जठरातलं आम्ल मात्र भयंकर तिखट. त्यामुळे शेजाऱ्याच्या कटल्याला जे लागू पडलं ते तुमच्या चिलापीला तसंच लागू पडेल असं धरून चालू नका.

दुसरी गोष्ट सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी. आणि इथे डोळे उघडे ठेवा, कारण आकडा प्रति ग्रॅम आहे की प्रति किलो हे बारीक अक्षरात असतं. प्रति ग्रॅम १०० कोटी म्हणजे चांगला माल. प्रति किलो २०० कोटी लिहिलेलं मोठं दिसतं, पण हजाराने भागा, ग्रॅमला फक्त २० लाख. किंमत बघून फसाल.

तिसरी, उत्पादन तारीख आणि खाद्यासाठी आहे की पाण्या-मातीसाठी. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर, थायोबॅसिलस अशी नावं असतील तर ते पाण्याचं, तळाचा गाळ आणि अमोनिया खाणारं. ते माशाला खायला घालून उपयोग नाही, आणि खाद्याचं महागडं पाकीट तळ्यात ओतूनही उपयोग नाही. ही अदलाबदल मी इतक्यांदा बघितलीय की आता हसू पण येत नाही.

सावध: नाव न लिहिता नुसतं "स्पेशल ग्रोथ मिक्स" असं असेल तर घेऊ नका. अशा मालात अँटिबायोटिक मिसळलेलं असू शकतं. दुकानदाराकडे अँटिबायोटिक नसल्याचा लॅब रिपोर्ट मागा, दिला नाही तर समजून घ्या.

एक गावठी टेस्ट फिरते, गूळपाण्यात पावडर टाकायची आणि रात्रभरात फेस आला की माल जिवंत. फेस यीस्टने येतो, आणि हवेतलं, गुळातलं जंगली यीस्टही तोच फेस काढतं. बॅसिलस जिवंत आहे का हे त्यावरून कळत नाही. खरी मोजणी लॅबमध्ये प्लेटवरच होते. चार-पाच जण मिळून एकच माल घेत असाल तर वर्गणी काढून एकदा करून घ्या.

## ३. हिशोब कागदावर

उदाहरण घेऊ. ३० बाय ३० मीटरचं शेततळं, ३००० पंगस सोडले, मरतुक धरून २७०० राहिले, सरासरी २०० ग्रॅम. एकूण वजन ५४० किलो. रोजचं खाद्य वजनाच्या २.५ टक्के धरलं तर १३.५ किलो.

आता डोस. खाद्याच्या एका ग्रॅममध्ये निदान १० लाख जिवंत जिवाणू पोचावेत, हे धरून चाला. १०० कोटी प्रति ग्रॅमचा माल किलो खाद्याला ५ ग्रॅम लावला तर खाद्याच्या ग्रॅममध्ये ५० लाख पडतात, म्हणजे कोटिंगमध्ये, खाद्यावर थर चढवताना, थोडं वाया गेलं तरी पुरतं. रोजचं प्रोबायोटिक ६७-६८ ग्रॅम. तोच ५ ग्रॅमचा डोस त्या प्रति किलो २०० कोटीवाल्या मालाचा दिला तर ग्रॅमला फक्त १० हजार. म्हणजे नाही दिल्यासारखंच.

प्रीबायोटिकचं सोपं आहे, एमओएस किलोला २ ते ४ ग्रॅम, इन्युलिन किंवा एफओएस ५ ग्रॅमच्या आसपास. जास्त घातलं तर जास्त फायदा असं नाही, हे तंतू जादा झाले की आतड्यालाच त्रास. बीटा ग्लुकन, म्हणजे यीस्टच्या कवचातून काढलेला पदार्थ, त्याचा वेगळा विषय, तो पुढे येतो.

तपासा: चमच्याने मोजू नका. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, शेकड्यात मिळतो.

## ४. सामान आदल्या दिवशी जमवा

स्वच्छ ताडपत्री, काटा, मोजमापाचा मग, कापडाची गाळणी, बाईंडर (पावडर खाद्याला चिकटवून ठेवणारं) आणि पाणी. पाणी बोअरचं किंवा विहिरीचं, नळाचं नको. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो. नळाचंच असेल तर उघड्या बादलीत दिवसभर उन्हात ठेवून मग वापरा.

आणि फवारणीचा पंप नवा. हे मी ओरडून सांगतो. द्राक्षाला, डाळिंबाला मारलेल्या पंपाने खाद्यावर फवारू नका, तीन पाण्यांनी धुतला असला तरी नाही. बुरशीनाशक राहिलं तर यीस्ट मरतं आणि कीटकनाशकांतली काही, विशेषतः पायरेथ्रॉइड, अगदी थोडी राहिली तरी माशाला जीवघेणी. माझ्या एका तळ्यात पहिल्या वर्षी हाच प्रकार झाला, पंप मीच धुतला होता, मला वाटलं झाला स्वच्छ, संध्याकाळी मासे वर येऊन गोल गोल फिरायला लागले. दोष द्यायला दुसरं कोणीच नव्हतं. तेव्हापासून दोन लिटरचा हातपंप वेगळा, त्याच्यावर ऑइलपेंटने "मासे" लिहिलंय, आणि घरात सगळ्यांना दम दिलाय.

बाईंडर कोणता? फिश ऑइल नाहीतर साधं सोयाबीन तेल, किलोला १०-१५ मिली. दुकानात तयार जेल मिळतं तेही चालतं. जिलेटिन वापरणार असाल तर गरम पाण्यात विरघळवून हाताला कोमट लागेपर्यंत थंड होऊ द्या. अंड्याचा पांढरा भाग खूप जण वापरतात, चिकटतो खरा, पण त्यात जिवाणू मारणारं लायसोझाइम असतं. कवचातल्या बीजाणूंना ते फारसं करत नसेल, तरी जिवंत माल त्यात कशाला कालवायचा? मी नाही वापरत.

## ५. खाद्याला लावणं: हा क्रम मोडू नका

१. त्या दिवसाचं, शक्यतो त्या वेळेचंच खाद्य मोजून घ्या. सावलीत ताडपत्रीवर पातळ थर पसरा, ढीग नको.

२. प्रोबायोटिकची पावडर पाण्यात कालवा. पाणी किलोला ३०-४० मिली, म्हणजे १३.५ किलोला अर्धा लिटरच्या आसपास. याहून जास्त घेतलं की फ्लोटिंग पेलेट फुगतात, फुटतात आणि बुडतात. दहा मिनिटं थांबा, ढवळा, गाळा. रात्रभर गूळ घालून ड्रममध्ये "वाढवायला" ठेवू नका. बहुतेक बॅसिलसला नीट वाढायला हवा लागते, बंद ड्रममध्ये त्याच्याऐवजी दुसरंच काहीतरी वाढतं आणि ते तुम्ही माशाला खाऊ घालता. पाण्यात टाकायच्या प्रोबायोटिकला ती पद्धत काही जण वापरतात, खाद्याला नको.

३. फवारा मारत मारत दुसऱ्या हाताने खाद्य खालीवर करा. दोन माणसं असली तर बरं. एकाच जागी ओतलं तर तिथले पेलेट भिजून चिखल आणि बाकीचे कोरडे.

४. खाद्य ओलसर असतानाच एमओएसची पावडर वरून भुरभुरा. ती पाण्यात नीट विरघळत नाही, पंपात घातली की नोझल चोक होतो आणि मग लोक नोझल काढून पिचकारी मारतात.

५. पंधरा मिनिटं मुरू द्या.

६. आता तेल किंवा जेल. उलटा क्रम केला, आधी तेल आणि मग पाणी, तर पाणी तेलावरून घसरतं आणि सगळं ताडपत्रीला लागतं. बहुतेक जण इथेच चुकतात, कारण तेल आणि पावडर एकदम कालवायची सवय असते.

७. सावलीत, पंख्याखाली अर्धा-पाऊण तास. उन्हात नको, लॅक्टोबॅसिलस असेल तर ऊन त्याला मारतं आणि तेलालाही खवट वास येतो.

तपासा: काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी, त्यात मूठभर खाद्य, पाच मिनिटं. पाणी दुधाळ झालं तर कोटिंग सुटतंय, बाईंडर कमी पडला किंवा वाळलं नाही. पाणी जवळपास स्वच्छ आणि पेलेट तरंगताहेत म्हणजे जमलं.

घरचं खाद्य करणाऱ्यांसाठी, म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड, यांना कोटिंगची भानगड नाही. पेंड भिजवून, शिजवत असाल तर पूर्ण गार झाल्यावर, शेवटी पावडर मळा आणि लगेच द्या. शिजताना घातली की संपलं. कारखान्यातल्या पेलेटमध्ये आधीच प्रोबायोटिक आहे असं सांगतात तेव्हाही हाच प्रश्न विचारा, मशीनमधल्या उष्णतेच्या आधी घातलं की नंतर कोटिंग केलं?

सावध: लावलेलं खाद्य साठवायचं नाही. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी पोत्यात बुरशी धरते आणि बुरशीचं विष माशाच्या लिव्हरला लागतं. हिरवट-काळे ठिपके दिसले तर ते खाद्य फेकून द्या, वाळवून परत वापरू नका.

## ६. तळ्यात टाकायची वेळ

सकाळचं पहिलं खाद्य, पण उजाडल्या उजाडल्या नाही. पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मासा सुस्त असतो. ऊन वर येऊ द्या, साडेआठ-नऊ वाजता द्या. मासा भुकेला असतो, पटकन खातो, कोटिंग पाण्यात धुवायला वेळच मिळत नाही. एका कोपऱ्यात ओतू नका, दांडगे मासे सगळं खातात आणि लहान तसेच राहतात. दोन-तीन बाजूंनी, हप्त्याहप्त्याने.

दोन वेळा देत असाल तर दिवसाचं सगळं प्रोबायोटिक सकाळच्या खाद्यात लावलं तरी चालतं. मला तेच बरं पडतं, संध्याकाळी परत ताडपत्री पसरायला कोण बसणार.

ढगाळ, कुंद हवा असेल तर खाद्य निम्म्यावर आणा. प्रोबायोटिक किलोमागे तेवढंच ठेवा, माशामागे पूर्ण करायच्या नादात दुप्पट लावू नका.

## ७. किती दिवस द्यायचं

हे जिवाणू माशाच्या पोटात कायमचे घर करून बसत नाहीत. द्यायचं थांबवलं की थोड्या दिवसांत कमी होत जातात. त्यामुळे महिन्यातून दोन दिवस "डोस" देणं म्हणजे देवाला उदबत्ती ओवाळल्यासारखं.

परवडत असेल तर रोज. नसेल तर या वेळा पकडा आणि तेव्हा सलग तीन-चार आठवडे द्या: बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडल्यानंतर, कारण प्रवासाने तिची प्रतिकारशक्ती गेलेली असते, पावसाळा सुरू होताना, खाद्याची कंपनी किंवा प्रोटीन बदलताना, आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर.

थंडीत पाणी २० अंशांच्या आसपास उतरलं की पंगस खाणं फार कमी करतो. तेव्हा पैसे घालवू नका, फेब्रुवारीत पाणी तापलं की सुरू करा.

बीटा ग्लुकन मात्र सतत नको. ते प्रतिकारशक्तीला डिवचतं, महिनोन्‌महिने दिलं तर परिणाम बोथट होतो. दोन-तीन आठवडे देऊन तेवढाच खंड पाडा, डोस लेबलप्रमाणे.

## ८. कशासोबत नाही

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकाच वेळी दिलं तर एका हाताने पेरून दुसऱ्याने नांगरल्यासारखं होतं. अँटिबायोटिक तज्ज्ञाने सांगितलं तरच, आणि तो कोर्स पूर्ण झाल्यावर प्रोबायोटिक. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं तर बंदच आहेत, कोणी दिली तरी घेऊ नका.

लसूण पेस्ट लावणारे खूप आहेत. लसणाचं काम जिवाणू मारणं हेच, त्याला चांगले-वाईट कळत नाही. लावायचीच असेल तर वेगळ्या आठवड्यात.

पोटॅशियम परमँगनेट, ब्लीचिंग, आयोडीन हे पाण्यात टाकलं तर पाण्याचं प्रोबायोटिक नक्की मरतं. खाद्यातलं सरळ पोटात जातं, त्याला तितका धोका नाही, पण त्या दिवशी मासा ताणात असतो आणि खात नाही, म्हणून दोन-तीन दिवस थांबा.

## ९. फरक पडला का, हे डोळ्याने नाही, वहीने

दोन तळी असतील तर एकात द्या, एकात देऊ नका. बीज, खाद्य, घनता सारखी ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन, रोजचं खाद्य, रोजची मरतुक वहीत लिहा. एकच तळं असेल तर मागच्या बॅचची वही काढा. वही नाही? मग या बॅचला फक्त लिहायला सुरुवात करा.

एफसीआर म्हणजे एकूण घातलेलं खाद्य भागिले वाढलेलं वजन. आता पैशाचा हिशोब, आकडे समजायला सोपे धरलेत. खाद्य ४५ रुपये किलो आणि एफसीआर १.५, म्हणजे किलो माशामागे खाद्याचे ६७.५० रुपये. प्रोबायोटिक ८०० रुपये किलो, ५ ग्रॅमने लावलं तर खाद्य ४ रुपयांनी महाग, ४९ झालं. एफसीआर १.४ वर आला तर खर्च ६८.६० रुपये. म्हणजे एफसीआर सुधारूनही तुम्ही एक रुपया दहा पैसे तोट्यात! तो १.३७ च्या आसपास यायला हवा तेव्हा कुठे बरोबरी. मरतुक कमी झाली तर गणित लगेच फिरतं, आणि खरी कमाई बहुतेक वेळा तिथेच असते, म्हणून मेलेले मासे मोजायचा कंटाळा करू नका.

चार-सहा आठवड्यांनी आतडं परत कापून बघा, आणि पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगायची ती कमी झाली का तेही. वहीत काहीच फरक दिसला नाही तर डोस वाढवू नका. आधी ग्लासची टेस्ट परत करा, मग लेबलवरचा आकडा ग्रॅमचा होता की किलोचा ते बघा, आणि तरीही जमत नसेल तर त्या पैशात एरेटरचे तास वाढवा.